किटपासून जोडलेली जुनी चकमकीची लांब रायफल: विकत घेण्यापूर्वी काय तपासावे?

ओसरी

नमस्कार मंडळी.

मी पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत गेली १८ वर्षे राहते. अठराव्या शतकात याच भागातल्या जर्मन कारागिरांनी मायदेशातल्या आखूड आणि जाड नळीच्या शिकारी रायफलीला लांब, सडपातळ रूप दिले. केंटकी रायफल हे नाव तिला मागाहून चिकटले, पण तिचे माहेर इथलेच. घराजवळच्या लँडिस व्हॅली संग्रहालयात अशा रायफली पाहून पाहून मला त्यांचा नाद लागला. गेली ३ वर्षे मी इथल्या एका नेमबाजी मंडळात दुसऱ्यांच्या रायफली मागून घेऊन ठासणीची नेमबाजी शिकते आहे, आणि आता स्वतःची एक असावी असे वाटू लागले आहे.

आमच्या गल्लीतल्या एका आजींचे यजमान २ वर्षांपूर्वी वारले. त्यांनी १९९०च्या दशकात सुटे भाग मागवून, तळघरात बसून स्वतः जोडलेली चकमकीची रायफल आजींना विकायची आहे. त्या ७०० डॉलर मागत आहेत. नळी अष्टकोनी, ४२ इंच लांब आणि ४५ कॅलिबरची आहे, पण तिच्यावर कोणाचेही नाव किंवा छाप नाही. लॉक, म्हणजे गारेच्या दगडाने ठिणगी पाडून दारू पेटवणारी यंत्रणा, सायलर जातीचे असल्याचे जुन्या पावतीवरून कळते. कुंदा, म्हणजे रायफलीचे लाकडी अंग, लाटा असलेल्या मेपलचा आणि एकसंध आहे, उजव्या बाजूला पितळी झाकणाचा कप्पा आहे, आणि चाप दोन आहेत. लॉकच्या मागच्या टोकापाशी लाकडात केसाएवढी बारीक रेघ दिसली. ती तडा आहे की नुसता ओरखडा, हे मला ठरवता आले नाही. यजमानांची दृष्टी अधू झाल्यावर रायफल शेकोटीच्या वरच्या भिंतीवर गेली आणि किमान १० वर्षे तिथेच आहे.

मंडळात मी नेम धरायला आणि रायफल साफ करायला शिकले, पण दुसऱ्याच्या हातची जोडणी पारखण्याचा अनुभव मला नाही. येत्या शनिवारी आजींनी निवांत पाहायला बोलावले आहे. त्या तासाभरात मी नेमके काय पाहावे? ७०० डॉलर रास्त आहेत का? कागदपत्रे काही करावी लागतात का? आणि नाताळानंतर इथे चकमकीच्या रायफलींसाठी हरणाच्या शिकारीचा जो वेगळा हंगाम असतो, त्यात ही चालेल का? आजींशी घासाघीस करणे मला जिवावर येते, त्यामुळे किंमत कमी करायची झाल्यास तिला खरे कारण असावे, अशी माझी इच्छा आहे.

आंबोलीकर

ओसरीताई, बाकीचे सगळे मागाहून. रायफल हातात घेतल्यावर पहिला प्रश्न एकच विचारायचा: ती भरलेली आहे का?

आमच्याकडे सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका अजून घरोघरी आहेत. त्यांना केप, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने पेटणारी छोटी टोपी, लागते, चकमक नसते, पण नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू भरायची रीत तीच. या बंदुकीचा दोष असा की ती भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून पाहून कळत नाही. मधून दुमडून उघडायची सोय नाही, काडतूस नाही, खोलायला मागे झडप नाही. रात्री रानडुकराची वाट पाहून माणूस घरी येतो, केप काढून ठेवतो आणि बंदूक खुंटीला लावतो. दारू आणि गोळी आत तशीच राहते, आणि पुढच्या वर्षी तीच बंदूक दुसऱ्याच्या हातात जाते. आमच्या आजोबांनी दारू-गोळी ठासायच्या गजावर चाकूने दोन खाचा केल्या होत्या. बंदूक रिकामी असताना गज किती आत जातो याची एक, आणि भरलेली असताना किती जातो याची दुसरी. बंदूक कोणाच्याही हातून आली, तरी आधी गज घालून खाच पाहायची आणि मगच पुढचे बोलायचे, असा घरात दंडकच होता. निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आणली, तरी हाच क्रम.

तुमच्या रायफलीच्या गजावर खाच नसली तर असे करा. रायफलीचे तोंड मोकळ्या दिशेला ठेवा, घोडा खाली आणि रंजकाची, म्हणजे पेटवणीच्या चिमूटभर दारूची, वाटी रिकामी असल्याची खात्री करा, आणि मग गज हलकेच आत सोडा. तो जिथे थांबेल तिथे, नळीच्या तोंडाच्या पातळीवर, चिकटपट्टी लावा. गज बाहेर काढून नळीच्या बाहेरच्या अंगाला समांतर धरा आणि चिकटपट्टी तोंडाशी जुळवा. गजाचे दुसरे टोक नळीच्या कानापर्यंत, म्हणजे रंजकाची आग जिथून आत जाते त्या भोकापर्यंत, पोहोचले पाहिजे. ते दीड-दोन इंच अलीकडे थांबले तर आत काहीतरी आहे. मग तो विषय तिथेच थांबवायचा आणि जाणत्या माणसाला बोलवायचे. १० वर्षे शेकोटीवर टांगलेली आहे, हे वाचल्यापासून माझे मन काही थाऱ्यावर नाही.

लोहारकी

आंबोलीकरांनी जे सर्वांत आधी सांगायला हवे होते तेच सांगितले आहे. रायफल रिकामी आहे असे ठरल्यानंतरचे मी लिहितो. मी ओहायोत राहतो आणि गेल्या काही वर्षांत अशा दोन रायफली स्वतः जोडल्या आहेत. पहिलीत केलेल्या चुका अजून माझ्याकडे जपून ठेवलेल्या आहेत, कारण ती विकत घेणारे कोणी भेटले नाही.

किट हा शब्द फार सैल आहे. १९७०-८०च्या दशकांत स्पेनमधून येणाऱ्या स्वस्त किटांत कुंदा दोन तुकड्यांचा असे आणि सांध्यावर पितळेची पट्टी बसवलेली असे. त्यात जोडणाऱ्याने करायचे ते बहुतांशी घासणे आणि रंगवणे. याच्या दुसऱ्या टोकाला सुट्या भागांचा संच असतो. त्यात कुंदा ढोबळ आकारापुरता कोरलेला, नळी एका कारखान्याची, लॉक दुसऱ्याचे, पितळेचे ओतीव भाग अजून खरबरीत, आणि बाकीचे सगळे जोडणाऱ्याच्या हातावर. एकसंध कुंदा आणि सायलर लॉक पाहता तुमची रायफल या दुसऱ्या प्रकारातली दिसते. ही गोष्ट चांगलीही आहे आणि काळजीचीही, कारण इथे तुम्ही किट विकत घेत नसून त्या आजोबांचा हात विकत घेत आहात. एकाच संचातून एकाच्या हातून सुरेख रायफल निघते, तर दुसऱ्याच्या हातून भिंतीवरची शोभा.

त्यांचा हात कसा होता, हे लाकूड आणि धातू जिथे भेटतात तिथे वाचता येते. लॉकच्या पट्टीभोवती, नळीच्या दोन्ही कडांना आणि मागच्या शेपटीजवळ, म्हणजे नळीमागे लाकडात बसवलेल्या पट्टीजवळ, बारकाईने पाहा. फट नखाइतकीही नसावी. फटीत रंगवलेला इपॉक्सी भरलेला दिसला, तर घाई झाली होती असे समजा. एखाद्या ठिकाणी तो असला म्हणून रायफल वाया जात नाही, पण शेपटीच्या मागे, जिथे धक्का लाकडावर येतो, तिथे तो असेल तर मी मागे फिरेन. तुम्ही सांगितलेली रेघ नेमकी वाईट जागी आहे. लॉकच्या मागे कुंदा मनगटासारखा बारीक होतो, आणि तिथे लाकडाचे तंतू मनगटाच्या लांबीला धरून न जाता तिरके बाहेर पडत असतील, तर ती जागा कधीतरी मोडते. एका हाताने कुंद्याचे मागचे टोक आणि दुसऱ्याने लॉकच्या पुढचा भाग धरून अगदी हलका पीळ द्या. रेघ उघडत असेल किंवा तिच्यातून जुने तेल वर येत असेल, तर तो तडा आहे.

आता नळी. लांब, निमुळत्या प्रकाशकांडीचा किंवा तोंडातून अलगद आत सोडलेल्या छोट्या दिव्याचा उपयोग करून पेच, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचा, पाहा. तोंडाशी पेच लख्ख असले म्हणून समाधान मानू नका. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते आणि गंज धरतो तो तळाशी, जिथे नजर पोहोचत नाही. गजाला घट्ट बसेल अशी तेलाची चिंधी लावून ती एकसारख्या जोराने आत-बाहेर करा. चिंधी खरखरत अडली तर तिथे गंजाचे खड्डे आहेत. उलट मध्येच एखाद्या ठिकाणी ती एकदम सैल झाली, तर ती जास्त धोक्याची खूण आहे, कारण गोळी दारूवर पुरती न बसवता, मध्ये पोकळी ठेवून कोणीतरी बार काढला आणि नळी आतून फुगली, असा त्याचा अर्थ होतो. सरळ पट्टी बाहेरून लावून फुगवटा शोधण्याची युक्ती लोक सांगतात, पण या घाटाच्या पुष्कळ नळ्या मुद्दामच मागे जाड, मध्ये बारीक आणि तोंडाशी पुन्हा किंचित रुंद अशा घडवलेल्या असतात. तिथे पट्टी फसवते आणि चिंधी फसवत नाही.

चकमकीच्या रायफलीचा जीव मात्र तिच्या कानात असतो. रंजकाची वाटी बंद असताना कानाचे भोक तिच्या वरच्या कडेच्या पातळीत, वाटीच्या मधोमध असावे. डोंगरावर अर्धा उगवलेला सूर्य दिसतो तसे. भोक खाली असेल तर ते रंजकाखाली बुडते. मग ज्योत थेट आत न जाता दारू वातीसारखी जळत जळत आत पोहोचते आणि चाप ओढल्यावर बार उडेपर्यंत तुम्ही पापणी मिटलेली असते. भोक साधारण दीड ते दोन मिलिमीटरचे असते. जळून मोठे झालेले असेल, किंवा तिथे आटे पाडून बसवलेली नळकी झिजलेली असेल, तर ती बदलणे हे थोड्या डॉलरांचे काम आहे. पण भोक चुकीच्या जागी पाडलेले असेल, किंवा मागचा बुचाचा स्क्रू आतून त्याच्या तोंडावर येत असेल, तर ते काम सोपे राहत नाही. हा बुचाचा स्क्रू, ज्याला ब्रीच प्लग म्हणतात, तुम्ही स्वतः उघडायला जाऊ नका आणि आजींच्या घरात कोणाला उघडूही देऊ नका.

लॉकसाठी आजींची परवानगी घ्या. त्या काळात सायलरची लॉक तयारही मिळत आणि सुट्या ओतीव भागांतही मिळत. सुट्या भागांतून केलेले असेल, तर गार ज्या पोलादी पट्टीवर आपटते त्या फ्रिझनला पाणी देण्याचे, म्हणजे तापवून विझवून कडक करण्याचे, काम आजोबांनीच केलेले असणार. खोलीत अंधार करून घोडा दोन-तीनदा पाडून पाहा. ठिणग्या पिवळ्या-पांढऱ्या, भरपूर आणि वाटीत पडून क्षणभर तडतडणाऱ्या हव्यात. फ्रिझनच्या तोंडावर गारेने नांगरल्यासारख्या खोल चरा पडल्या असतील तर पोलाद मऊ राहिले आहे, आणि चरा नसून ठिणगीही नसेल तर ते फार कडक तरी झाले आहे किंवा गार बोथट आहे. म्हणून नवी गार खिशात न्या. घोडा अर्ध्यावर, म्हणजे सुरक्षेसाठीच्या अर्ध्या खाचेत, ठेवून चाप बेताच्या जोराने ओढा. घोडा पडता कामा नये. दोन चापांपैकी मागचा ओढून पुढचा हलका करायची सोय असेल, तर लॉकच्या आत एक छोटी हलती जीभ लागते, नाहीतर पडणारा घोडा अर्ध्या खाचेत अडकून ती खाच मोडतो. घोडा पडताना मध्येच अडखळतो का, ते कान देऊन ऐका.

शेवटी एक गोष्ट, जी बहुतेक हौशी जोडणाऱ्यांकडून राहून जाते. नळी कुंद्यात आडव्या बारीक खिळ्यांनी धरलेली असते. नळीखालच्या कड्यांतली ही भोके लांबट असायला हवीत, म्हणजे हिवाळ्यात लाकूड आटले आणि पावसाळी हवेत फुगले, तरी नळीला सरकायला जागा राहते. भोके गोल ठेवली की पुढच्या बारीक लाकडाला तडे जातात. नळी काढून पाहता येणार नाही आणि काढूही नये, पण खिळ्यांच्या दोन्ही टोकांशी लाकडात रेघा आहेत का, ते जरूर पाहा.

हेमाडपंती

एवढे सगळे तपासायचे, तर मग दुसऱ्याच्या हौसेचे उत्पादन घ्यायचेच कशाला, असा माझा साधा प्रश्न आहे. इटलीत गार्दोने येथे कारखान्यात तयार झालेली चकमकीची रायफल घेतली, तर तिच्या नळीवर सरकारी चाचणीचे छाप असतात आणि बिघडली तर कोणाला विचारायचे ते माहीत असते. इथे नळीवर नाव नाही, चाचणी नाही, जोडणारा हयात नाही. ७०० डॉलरमध्ये तुम्ही एक कोडे विकत घेत आहात. ताई नव्याने शिकत आहेत, ही गोष्ट विसरू नये. रायफल वेळेवर पेटत नसेल तर दोष आपला की तिचा, हे शिकाऊ माणसाला कळत नाही, आणि वर्षभरात त्याचा उत्साह मावळतो.

लोहारकी

हेमाडपंतींचा शेवटचा मुद्दा मला पटतो, मधला नाही. युरोपातल्या देशांप्रमाणे नळीची सरकारी चाचणी अमेरिकेत सक्तीची नाही, त्यामुळे इथल्या उत्तमोत्तम नळ्यांवरही तसे छाप नसतात. नाव मात्र पुष्कळदा असते, पण ते नळीच्या खालच्या, लाकडात दडलेल्या पैलूवर. ताईंकडे पावती आहे म्हणजे नळी कोणाची हे तिच्यावरही असण्याचा संभव आहे. ती पुन्हा एकदा नीट वाचावी. जोडणाऱ्यांच्या सुट्या वस्तूंत जुन्या पावत्या, आराखडे, उरलेले पितळेचे तुकडे असतात, ते सगळे रायफलीबरोबर मागून घ्यावे.

किमतीविषयी: असल्या रायफलीत घातलेले शेकडो तास विकताना परत मिळत नाहीत, हा या छंदाचा अलिखित नियमच आहे. लाटांचा मेपल, चांगली नळी, लॉक, चाप आणि पितळ आज नव्याने घेतले तर ७०० डॉलरच्या पुढे जाईल. म्हणून जोडणी नीट असेल तर आजी जास्त मागत नाहीत, आणि जोडणी वाईट असेल तर ४०० सुद्धा जास्त आहेत.

एडिसनचा_बाबू

कायद्यापुरते लिहितो. मी वकील नाही, पण स्वतःसाठी हे सगळे वाचून काढले आहे.

१९६८च्या संघीय बंदूक कायद्यात १८९८ साली किंवा त्यापूर्वी बनलेली शस्त्रे, त्यांच्या काही प्रतिकृती, तसेच फक्त काळ्या दारूवर किंवा तिच्या पर्यायी भुकटीवर चालणाऱ्या आणि काडतूस घेऊच न शकणाऱ्या तोंडभरणीच्या रायफली यांना पुरातन शस्त्र मानून बंदुकीच्या व्याख्येतून वगळले आहे. त्यामुळे संघीय कायद्यापुरते पाहिले, तर अशा रायफलीचा व्यवहार परवानाधारक दुकानदारामार्फत करण्याचे बंधन नाही. मात्र राज्यांचे कायदे वेगळे आहेत. आमच्या न्यू जर्सीत ठासणीची रायफल घ्यायलाही पोलिसांकडून मिळणारे खरेदीदाराचे ओळखपत्र लागते. म्हणून लँकेस्टरहून ती गाडीत टाकून एडिसनच्या नातेवाइकांना दाखवायला आणण्याचा बेत असेल, तर आधी चौकशी करावी. आपल्यापैकी जे अजून व्हिसावर आहेत, त्यांनी तर मंचावरच्या कोणाच्याही सांगण्यावर न जाता वकिलाला विचारावे, कारण बंदुकीसंबंधीची चूक इमिग्रेशनच्या फायलीत जाऊन बसते.

आणि पुढेमागे भारतात परतताना सामानात घालून नेऊ, असे मनातही आणू नये. चालू स्थितीतली ठासणीची बंदूक भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याखाली येते. सूट आहे ती जुन्या घाटाच्या किंवा पुरातन मोलाच्या, आणि दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या हत्यारांना. तुमची तर चालती असणार. बंदुकीच्या दारूचे म्हणाल तर ती विमानात कोणत्याच सामानात चालत नाही.

हंगामाविषयी: पेनसिल्व्हेनियात त्या हंगामात लांब बंदुकीला ४४ कॅलिबरची किमान मर्यादा आहे, म्हणजे तुमची ४५ बसते. शिकारीचा परवाना आणि त्या वर्षीची नियमपुस्तिका या दोन गोष्टी वेगळ्या पाहाव्यात.

ओसरी

मंडळी, शनिवारी जाऊन आले. आंबोलीकर, तुमचे उपकार कसे मानू ते कळत नाही.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे गज सोडला, चिकटपट्टी लावली आणि बाहेरून जुळवून पाहिले. टोक कानाच्या सुमारे २ इंच अलीकडे थांबले. मला वाटले माझीच चूक झाली, म्हणून पुन्हा केले. पुन्हा तेच. आजी माझ्यासमोर चहा घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्या भिंतीवर इतकी वर्षे, नातवंडे खाली खेळत असताना, भरलेली रायफल टांगलेली होती हे त्यांना कसे सांगावे ते मला सुचेना. शेवटी सरळ सांगितले. त्या खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की शेवटच्या वेळी ते शिकारीहून आले तेव्हा फार दमलेले होते.

आमच्या मंडळातल्या एका ज्येष्ठ सभासदांना फोन केला. ते तासाभरात आले. त्यांनी आधी घोड्याच्या जबड्यातली गार काढली, कानातून थेंब थेंब पाणी आत सोडून दारू भिजू दिली, आणि मग अंगणात नेऊन कानावर धरायच्या छोट्या वायूच्या डबीने गोळी बाहेर ढकलली. गोळीभोवतीची चिंधी बोटांत धरताच तिचा भुगा झाला. मागून काळा चिखल आला.

त्यानंतर नळी धुऊन चिंधी फिरवली. तोंडापासून जवळजवळ तळापर्यंत ती गुळगुळीत जाते, सैल कुठेच होत नाही. दारू आणि गोळी जिथे पडून होती तेवढ्याच शेवटच्या भागात खरखर आहे, आणि दिव्याने पाहिल्यावर तिथे गंजाच्या खळग्यांचे एक कडे दिसते. कान योग्य पातळीवर आहे, मात्र आतली नळकी जळून रुंद झाली आहे. ठिणग्या नव्या गारेनेही थोड्याच आणि लालसर पडल्या, आणि फ्रिझनवर चरा आहेत. अर्ध्यावरचा घोडा पक्का धरतो. लॉकमागची ती रेघ पीळ दिल्यावर उघडत नाही, ज्येष्ठ सभासदांच्या मते तो वार्निशमधला ओरखडा आहे. लाकडातली बसवणी पाहून मात्र ते म्हणाले की या माणसाला घाई अजिबात नव्हती. पावतीच्या मागच्या बाजूला आजोबांनी पेन्सिलने प्रत्येक दिवशी काय काम केले ते लिहून ठेवले आहे, आणि त्यात नळीखालच्या कड्यांची भोके कानशीने लांबट केल्याची नोंदही आहे!

आता माझा पेच असा आहे. आजी घाबरून रायफल फुकट घेऊन जा म्हणत आहेत. ते मला मान्य नाही. पण तळाच्या गंजाचे किती कमी करावेत, हे मला ठरवता येत नाही.

हेमाडपंती

माझा आक्षेप मी अर्धा मागे घेतो. भोके लांबट करणारा आणि ते लिहून ठेवणारा माणूस कारखान्यापेक्षा बरा.

लोहारकी

ही सगळी माहिती हातात आल्यावर हिशेब सोपा झाला आहे. कानाची नळकी बदलणे किरकोळ. फ्रिझनला पुन्हा पाणी देणे किंवा त्याच्या तोंडावर नवी पोलादी पट्टी बसवणे हे जाणत्या कारागिराचे अर्ध्या दिवसाचे काम, आणि ते नकोसे वाटले तर सायलरचे नवे फ्रिझन बसवून घेता येते. तळाचा गंज हाच खरा प्रश्न आहे. कापडी चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीच्या रायफलीत खळगे दारूच्या जागेपुरते असतील, तर नेमात फारसा फरक पडत नाही. त्रास होतो तो साफसफाईत, कारण खळग्यांत राख अडकते आणि चिंधी फाटते. पण खळगे किती खोल आहेत हे वरून दिव्याने कळत नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी किंवा आजींशी तसे ठरवून नंतर, एखाद्या व्यावसायिक बंदूक कारागिराकडून बुचाचा स्क्रू काढून नळी मागून पाहून घ्या. त्याने हिरवा कंदील दाखवला, तरी पहिले बार खांद्याला लावून काढू नका. मंडळाच्या मैदानावर रायफल जुन्या टायरला पक्की बांधून, दुरून दोरीने चाप ओढून ते काढतात, ती पद्धत तुमच्या ज्येष्ठ सभासदांना माहीत असेल.

दुरुस्तीचा खर्च आणि कारागिराची फी वजा जाता मी ५५० डॉलर देईन. त्यापेक्षा कमी देणे मला स्वतःला आवडणार नाही.

आणखी एक. चकमकीच्या रायफलीला खरी काळी दारूच लागते. दुकानात तिच्या जागी म्हणून मिळणाऱ्या नव्या भुकट्या पेटायला जास्त उष्णता मागतात आणि रंजकाच्या ज्योतीवर भरवशाने पेटत नाहीत. नुसते रंजक उडते आणि बार होतच नाही. आधुनिक धूरविरहित दारू तर चिमूटभरसुद्धा कधीही घालायची नाही. तिने नळी फुटते.

ओसरी

५५० वर व्यवहार ठरला. कारागिराने नळी तपासून नापास केली तर आजी पैसे परत करणार आणि रायफल पुन्हा भिंतीवर जाणार, पण या वेळी रिकामी. आजींनी वर आजोबांचा गोळ्या ओतायचा साचा, शिंगाची दारूदाणी आणि पितळी माप दिले. कारागिराने पुढच्या शुक्रवारची वेळ दिली आहे.

आंबोलीकर

गजावर खाच केलीत का?

ओसरी

रिकामी असतानाची केली. चाकू लावायला धीर होईना, म्हणून बारीक कानशीने केली. तेव्हा गजावर आधीचीच एक पुसट रेघ दिसली, माझ्या खाचेपासून बरोबर २ इंचांवर.